चौथं वर्ष कशासाठी?

सिस्टर : नर्सिंगला माझी हरकत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी स्वतः जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून सरकारी रुग्णालयात लागले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. हरकत आहे ती चौथ्या वर्षाला. जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. तीन वर्षांत मुलगी रजिस्टर्ड नर्स होते, ड्यूटीला लागते, घरी चार पैसे येऊ लागतात. आणखी एक वर्ष घालून आणि वर जास्तीची फी भरून तिच्या पदरात काय पडतं? राज्य सरकारची अधिपरिचारिकेची जाहिरात निघाली की जीएनएम आणि बी.एस्सी. दोघींचे अर्ज त्याच पदाला. पगाराची श्रेणी तीच, नाइट त्याच, वॉर्डही तोच. शिवाय बी.एस्सी.ला बारावी सायन्स लागतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. गावातल्या ज्या कॉलेजात सायन्सची शाखाच नाही, तिथल्या मुलीनं काय करायचं? जीएनएमला आर्ट्सची मुलगीही चालते. माझ्या बॅचमध्ये अशा कितीतरी होत्या आणि त्यांतल्या काही माझ्यापेक्षा सरस सिस्टर झाल्या. पदवीचा आग्रह वाढत गेला की सगळ्यात आधी गळतात त्या याच पोरी. हे मला बघवत नाही.

शिक्षिका : त्यांचं दार बंद होऊ नये, यावर तुमचं-माझं भांडण नाही, सिस्टर. जीएनएम करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, आणि माझ्या वर्गातल्या सगळ्यात समंजस विद्यार्थिनी त्या वाटेनंच आलेल्या असतात. पण चौथं वर्ष म्हणजे तीन वर्षांच्या शेवटी जोडलेले बारा महिने, असा तुमचा हिशेब आहे, तो मला पटत नाही. हा अभ्यासक्रम पहिल्या सत्रापासूनच वेगळा बांधलेला आहे. आठ सत्रं. ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीपासून सुरुवात, मग मायक्रोबायॉलॉजी, फार्मकॉलॉजी, पॅथॉलॉजी. पुढे मोठ्यांचं, मुलांचं, मनाच्या आजारांचं, बाळंतपणाचं, वस्तीतल्या आरोग्याचं नर्सिंग. संशोधन आणि संख्याशास्त्रही. आठवं सत्र इंटर्नशिपचं.

एकच उदाहरण देते. वॉर्डातला कुठलाही टीपीआरचा चार्ट उघडा. टेम्परेचर खरं असतं, पल्स बहुधा खरी असते आणि रेस्पिरेशनच्या रकान्यात ओळीनं १८, २०, १८, २०. ते मोजलेलं नसतं. मोजायचं तर घड्याळाकडे लक्ष ठेवून पूर्ण मिनिटभर रुग्णाच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं. आता हे बघा : सेप्सिस सुरू होत असेल, फुप्फुसात पाणी साचत असेल, रक्तात आम्ल वाढत असेल, तर बीपी पडण्याच्या बरंच आधी श्वासाचा वेग वाढतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्ल कमी करायची शरीराची ती धडपड असते. ही फिजिऑलॉजी जिला समजली, तिला रेस्पिरेशन २६ दिसलं की ती त्या खाटेपासून हलत नाही. जिला समजली नाही, ती तापाची गोळी देऊन पुढच्या खाटेकडे जाते. चार वर्षं मी यासाठी मागते आहे.

सिस्टर : आणि हे आम्हाला कळत नव्हतं, असं तुला वाटतं? मला आम्लाचं गणित कुणी शिकवलं नाही, पण माझ्या सीनियर सिस्टरनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की जो रुग्ण बोलताना मधे मधे दम घेतोय त्याच्याकडे पाठ करायची नाही. बाळंतीण झाली की तिच्या पोटावर हात ठेवायचा, गर्भाशय घट्ट गोळा लागला पाहिजे. मऊ लागला तर चोळायला घ्यायचं, दुसरीला ओरडून सांगायचं की ऑक्सिटोसिन काढ, डॉक्टरांना बोलव, आणि खालचा पॅड भरतोय का ते बघत राहायचं. ही गोष्ट हातानं हाताला दिली जाते. तुमच्या पदवीधर मुली इंटर्नशिपला यायच्या, तेव्हा रक्तस्रावाची चार कारणं घडाघडा सांगायच्या आणि पोटावर हात ठेवायला कचरायच्या. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या शेजारी उभं राहायला कुणी नव्हतं.

शिक्षिका : शेजारी उभं राहणारी हवीच. पण ती सीनियर सिस्टर जे चुकीचं शिकली असेल, तेही हातानं हातालाच जातं. ते तपासायचं कशानं? आणि हे काही माझं एकटीचं मत नाही. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. युरोपातले नऊ देश, ३०० रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले चार लाखांवर रुग्ण. रुग्णालयातल्या पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तर रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे पहिल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या मुली १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला बसल्या. तेव्हापासून आपण ‘पदवी कशाला’ एवढंच विचारतो आहोत.

सिस्टर : तो अभ्यास आमच्या संघटनेच्या कार्यक्रमातही सांगितला होता. तू त्यातलं अर्धंच सांगितलंस. त्याच अभ्यासात असंही निघालं की एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. एका रुग्णानं! आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष काय आहे? साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, अध्यापन रुग्णालयात तिघांमागे एक. आणि मी नाइट केल्या त्या चाळीस खाटांच्या वॉर्डात, खाली गाद्या घातलेले वेगळे, आणि आम्ही दोघी. आता तुझं ते मिनिट घे. चाळीस जणांचे श्वास एकेक मिनिट मोजायचे तर नुसते त्यातच चाळीस मिनिटं गेली. त्यात इंजेक्शनांच्या वेळा, कॅथेटर, रक्त चढवणं, नवं ॲडमिशन, नातेवाइकांशी बोलणं, सकाळचा रिपोर्ट. रकान्यात १८ आणि २० लिहिणारी पोरगी अडाणी नाही गं. ती दमलेली आहे. तिला फिजिऑलॉजी शिकवून तिचा दम कमी होणार नाही. उलट आपण मोजायला हवं होतं हे तिला आता नीट कळेल, आणि तरी ती मोजू शकणार नाही.

शिक्षिका : याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ती दमलेली आहे, हे मी पाहिलेलं आहे. तरीही विचारते : चाळिसांचे मोजता येत नाहीत, तर कुठल्या सहांचे मोजायचे? कालच पोटाचं ऑपरेशन झालेला, मधुमेही, लघवी कमी झालेला म्हातारा आधी, की आरडाओरडा करणारा तरुण? वेळ कमी असेल तेव्हाच ही निवड जास्त नेमकी करावी लागते, आणि ती निवड पॅथॉलॉजी समजल्याशिवाय होत नाही.

सिस्टर : सावध राहा. हेच वाक्य प्रशासन उचलतं. नर्स हुशार आहेत ना, मग दोघींत भागवा. ज्ञान वाढवून माणसं कमी करायची, हे मी होताना बघितलं आहे. तुझा युक्तिवाद चांगल्या मनाचा आहे, पण त्याचा फायदा कोण घेतं तेही बघ.

शिक्षिका : तो धोका मान्य. म्हणून मी दोन्ही गोष्टी एकत्र मागते.

सिस्टर : मागत राहा. पण आता मुळावर ये. तुझी ही शहाणी मुलगी शिकणार कुठे? हा माझा खरा राग आहे. डांबरी रस्त्याला लागून चार मजली इमारत, वर नर्सिंग कॉलेज, शेजारी फार्मसी. कौन्सिल म्हणतं कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं. पाहणीच्या दिवशी खाटा असतात. दुसऱ्या दिवशी रुग्ण नसतात. मग या सगळ्या मुली येतात सरकारी रुग्णालयात. एका लेबर रूममध्ये तीन-तीन कॉलेजांच्या. एक बाळंतपण होतं, सहा जणी भोवती उभ्या असतात, बाळ एक जण घेते आणि लॉगबुकात सहाही जणी लिहितात. नियम पदवीआधी क्लिनिकलची १०० टक्के हजेरी सांगतो. हजेरी भरतेही. पण हजेरी कशाची?

शिक्षिका : त्या सहा जणींपैकी पाच जणी पुढे कुठल्या तरी बाळंतिणीच्या उशाशी एकट्या असतील. फसवणूक खरी तिची होते. यावर मी तुमच्याहून जास्त कडक आहे, म्हणून अर्ज भरणाऱ्यांना मी काय सांगते ते ऐका.

सगळी मुलं सीईटीच्या मागे लागतात. ती परीक्षा अवघड नाही, १०० गुणांची, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल. कागदपत्रं वेळेत हवीत. जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रिमी लेअर यांच्यासाठी बारावीच्या निकालाची वाट बघत बसू नये, दर वर्षी चांगल्या गुणांच्या मुली तिथे अडकतात. पण सगळं भवितव्य ठरतं ते कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना. मुली शहर बघतात, हॉस्टेल बघतात, मैत्रीण कुठे चालली ते बघतात. रुग्णालय कुणी बघत नाही. मी म्हणते, फॉर्म भरण्याआधी एसटीनं जा. सकाळी दहा वाजता त्या रुग्णालयाच्या ओपीडीत उभ्या राहा. किती खाटांवर माणसं आहेत, महिन्याला बाळंतपणं किती होतात, त्या लेबर रूममध्ये आणखी कुणाच्या विद्यार्थिनी येतात, हे तिथल्या सिस्टरला विचारा, ऑफिसात नको. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला कुठे नेतात? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी यांपैकी एखाद्या मनोरुग्णालयात, की कुठल्या तरी खासगी दवाखान्याचं नुसतं पत्र आणतात? शिक्षिका वॉर्डात येतात की वर्गातच बसतात? आणि सगळ्यात शेवटी फी. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. पण प्रवेश सरकारच्या कॅप फेऱ्यांमधून झाला असेल तरच. एजंट ‘सीट पक्की करून देतो’ म्हणून संस्थेच्या कोट्यात बसवतो, आणि जी मुलगी माफीत शिकली असती तिचा बाप जमीन गहाण टाकतो. हे थांबवायला मला कुठल्या कौन्सिलची परवानगी लागत नाही, म्हणून मी ते दर वर्षी करते.

सिस्टर : एवढं बघायला सांगणारी शिक्षिका कितींच्या वाट्याला येते? बऱ्याच जणी तर नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून येतात. डॉक्टर नाही तर नर्स. पहिलं वर्ष रडण्यात जातं.

शिक्षिका : जातं. मुलगे तर आणखी गोंधळलेले असतात. वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात, घरी कुणाला नीट सांगत नाहीत, आणि एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना, २० टक्के पुरुषांना हे कळल्यावर आणखी खचतात. पण रडत आलेल्यांतल्या काही जणी तिसऱ्या सत्रात बदलतात. बहुधा पहिल्यांदा एखादा रुग्ण त्यांच्या डोळ्यांदेखत बरा होऊन घरी जातो तेव्हा. पहिली पसंती नव्हती, एवढ्यावरून कुणाला मोडीत काढू नये.

सिस्टर : ठीक. बदलली, शिकली, पास झाली. पुढे? सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रानं समिती नेमली, २०१६ साली शिफारशी झाल्या. २०० खाटांवरच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार, ५० खाटांखालच्या ठिकाणीसुद्धा २० हजारांच्या खाली नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. केरळात नर्स रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तिथे २०१८ मध्ये किमान २० हजार पदरात पडले. आपल्याकडे शहरातल्या नर्सिंग होममधल्या पोरींना विचार किती मिळतात. पदवीचा कागद भिंतीवर आणि बँकेचे हप्ते डोक्यावर.

शिक्षिका : पण पदवीनं काही दारं खरोखर उघडतात. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बी.एस्सी. झालेली थेट बसते, जीएनएमला आधी दोन वर्षांचा अनुभव लागतो. मूळ वेतन ४४,९०० पासून. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. आणि परदेशी जायचं, तर पदवी असलेलीची वाट बहुतेक ठिकाणी सोपी असते.

सिस्टर : परदेशाचं नाव आलंच! म्हणजे फी आपण माफ करायची, आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या रुग्णांच्या अंगावर हात बसवायचा, आणि मग जर्मनीतल्या म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला पाठवायची. हा मुलीवरचा आरोप नाही. ती गेली तर मी तिला हार घालीन. पण मग ‘राज्याला पदवीधर नर्स हव्यात’ असं म्हणू नकोस.

शिक्षिका : तिला थांब म्हणायचा अधिकार कुणाला आहे? आपण जागा रिकाम्या ठेवतो, करारावर नेमतो, वर्षावर्षानं मुदत वाढवतो, आणि वर देशसेवेची अपेक्षा करतो. तरीही मी म्हणते की सगळ्याच पैशासाठी जात नाहीत. तिकडून सुट्टीवर आलेल्या मुली मला पगार सांगतात, पण रमून बोलतात ते दुसऱ्याच गोष्टीवर. ब्रिटनमध्ये २०१२ पासून रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची एक पद्धत आहे, नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर. श्वास, ऑक्सिजन, नाडी, बीपी, तापमान, शुद्ध यांना गुण द्यायचे. श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त असेल तर त्या एकट्यालाच ३ गुण, आणि एका गोष्टीला ३ आले की रुग्णाला तातडीनं तपासावंच लागतं. एकूण ७ झाले तर आणीबाणी. नर्सनं २६ मोजलं की कुणाला तरी यावं लागतं. तिनं विनवणी करायची नसते. आपल्याकडची मुलगी तेच २६ मोजते, रात्री तीन वाजता फोन करते, आणि पलीकडून ऐकते, ‘सकाळी राउंडला बघू.’

सिस्टर : थांब. आता तू माझ्या मुद्द्यावर आलीस. कारण तिथे डॉक्टर उठला तो नियमामुळे. नर्स पदवीधर होती म्हणून नव्हे. तो कागद माझ्यासारख्या जीएनएमच्या हातात दिला असता, तरी डॉक्टरला उठावंच लागलं असतं. मग चौथं वर्ष मागण्याआधी तो नियम का मागत नाहीस?

शिक्षिका : कारण नियमाला खरा आकडा लागतो. १८ आणि २० भरलेल्या चार्टवर तो स्कोअर श्वासाला कायम शून्यच देईल आणि रुग्ण जातील, सगळे कागद स्वच्छ असताना. शिवाय असा नियम लिहायचा तर वॉर्डातली माहिती गोळा करून, आपल्या रुग्णांवर तो कसा चालतो हे दाखवून, डॉक्टरांच्या बैठकीत तो मांडणारी नर्स हवी. संख्याशास्त्राचा तास मी त्यासाठीच घेते. मुलींना तो कंटाळवाणा वाटतो, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि त्या संस्थेनं बायकांना, विधवांनाही, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा परक्याच्या अंगाला हात लावायचा का, यावरून वादळ उठलं होतं. आज हात लावायला कुणी अडवत नाही. आज तिचं मत अडवतात. ते मत नोंदवायची भाषा तिला पदवी देते.

सिस्टर : भाषा देते, वजन देत नाही. तूच सांग, बी.एस्सी. झालेल्या तुझ्या विद्यार्थिनीला जीएनएमपेक्षा एक तरी गोष्ट स्वतःच्या सहीनं करता येते का वॉर्डात? उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून थोडी औषधं देता येतात, तेवढंच. वॉर्डात जबाबदारी वाढते, अधिकार तितकाच. चार वर्षं शिकवून तिला धोका आधी ओळखायला लावायचं आणि मग तो नुसता बघत बसायला लावायचं, याला मी भितेच. तीस वर्षं बघत बसलेल्या माझ्या मैत्रिणी आहेत. त्यांची झोप गेली आहे.

शिक्षिका : म्हणून त्यांना कमी शिकवायचं?

सिस्टर : नाही. तेही म्हणवत नाही. माझी पुतणी यंदा अर्ज भरते आहे. आई तिची जीएनएम म्हणते आणि माझ्याकडे बोट दाखवते. तिला काय सांगू?

शिक्षिका : बी.एस्सी. सांगा, पण कॅपमधून. आणि तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जाऊन रुग्णालय बघा, तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही. चांगलं रुग्णालय जीएनएमला मिळत असेल आणि बी.एस्सी.ला रिकाम्या खाटा, तर जीएनएम घेऊ द्या, पोस्ट बेसिक पुढे करेल. हे म्हणताना माझ्या सगळ्या बोलण्याला छेद जातो, हे मला कळतंय.

सिस्टर : जातोच. म्हणजे चौथ्या वर्षाहून रुग्णालय मोठं, हे तू कबूल केलंस. आणि मीही एक कबूल करते. नियम आला आणि चार्ट खोटे असले तर काही उपयोग नाही, हे मी धरलं नव्हतं. पण मोजणाऱ्या मुली तयार करत राहिलीस आणि वॉर्डात दोघींच्या चौघी झाल्या नाहीत, तर खरा आकडा लिहिणाऱ्या दोन वर्षांत एक तर निघून जातील, नाही तर १८ लिहायला शिकतील. तुझ्या किती विद्यार्थिनी आज खरं लिहितात, हे तू कधी जाऊन बघितलंस का?

शिक्षिका : नाही. त्यांना पास केल्यावर मी वॉर्डात त्यांच्यामागे गेलेली नाही. ते बघायला हवं, आणि ते बघायला मला तुम्ही लागाल.